आधी मोंढा, मग तहसील

१९६७ साली परभणी जिल्ह्याचं गॅझेटियर निघालं, तेव्हा जिल्ह्यात आठ तालुके होते. परभणी, गंगाखेड, पाथरी, परतूर, जिंतूर, हिंगोली, कळमनुरी, वसमत. या यादीत सेलू नाही. तोवर इथे रेल्वे स्टेशन होऊन साठ-पासष्ट वर्षं झाली होती, मोंढा भरत होता, जिनिंगची धुराडी उभी होती, शाळा नावारूपाला आली होती. सातबारा मात्र काढायचा पाथरीच्या तहसिलीतून. शेतकरी माल घेऊन सेलूला यायचा आणि कागदासाठी दुसरीकडे जायचा. सरकारदरबारी या गावाची नोंद नेहमी उशिराच झाली.

आधी गावाच्या नावाचा घोळ सांगायला हवा. वर्धा जिल्ह्यातही सेलू आहे, तोही तालुकाच. म्हणून पत्त्यात 'जि. परभणी' लिहिल्याशिवाय इथल्या माणसाचं समाधान होत नाही. इंग्रजीत 'सैलू' म्हणून वाचलं जाईल असं स्पेलिंग रूढ आहे, आणि परगावचा माणूस तसं वाचतोसुद्धा. गावातलं कुणी तसा उच्चार केलेला मी ऐकलेला नाही.

जमीन काळी, बेसाल्टावरची. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात पायातली चप्पल चिखलात राहते. परतूरच्या अंगाने दुधना येते, तालुक्यातून वाहत जाऊन पुढे पूर्णेला मिळते. या मातीला कापूस मानवतो, तूर मानवते, रब्बीची ज्वारी तर मानवतेच. पाण्याची सोय जुन्या लोकांनी आपल्या पद्धतीने केलेली दिसते. वालूरची गोल बारव पाहावी. पायऱ्या सरळ खाली न जाता भिंतीला धरून फिरत फिरत पाण्यापर्यंत उतरतात. ती बरीच वर्षं गाळाने भरलेली होती. अलीकडे तिची साफसफाई झाली आणि आता लोक मुद्दाम वाट वाकडी करून ती बघायला येतात.

रेल्वेच्या आधीचं सेलू माहीत होतं ते गोपाळराव देशमुख यांच्यामुळे. लोक त्यांना केशवराज बाबासाहेब महाराज म्हणतात. साईबाबांचे गुरू ते हेच, असं दासगणू महाराजांनी लिहून ठेवलं आणि सेलूचं नाव शिर्डीच्या कथेत गेलं. अभ्यासकांनी गोपाळरावांची म्हणून जी सालं काढली, ती अठराव्या शतकातली आहेत. साईबाबांच्या काळाशी त्यांचा मेळ बसत नाही. पण मंदिरात जाणारा माणूस सालं मोजायला जात नाही.

खरं वळण आलं १९०० च्या सुमारास. निजामाच्या हैदराबाद-गोदावरी खोरे रेल्वेचा मीटरगेज मार्ग मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणी असा सिकंदराबादेकडे गेला. परतूर आणि मानवत रोड यांच्यामध्ये सेलू आलं. शेजारच्या वऱ्हाडात आगगाडी १८६० च्या दशकातच पोहोचली होती. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने कापसाला आलेली तेजी वऱ्हाडाने पाहिली. आमच्याकडचा कापूस तेव्हा बैलगाडीतच होता. त्या चाळीस वर्षांचं अंतर मराठवाड्याच्या मागासलेपणावर बोलणारे फारसे मोजत नाहीत. मोजायला हवं.

स्टेशन आलं तसा मोंढा आला. मोंढ्याबरोबर आडत दुकानं, मापारी, हमाल, बारदाना आणि जिनिंग-प्रेसिंग. सरकी वेगळी, रुई वेगळी, रुईच्या दाबून बांधलेल्या गठाणी. दिवाळीनंतर वेचणीचा कापूस यायला लागला की गाड्यांची रांग लागायची आणि रात्र गाडीखालीच काढावी लागायची. आडत्या हा नुसता दलाल नव्हता. पेरणीला उचल तोच द्यायचा, लेकीच्या लग्नालाही तोच. मग पट्टी हातात पडायची तेव्हा कपातीच जास्त. १९७२ मध्ये राज्याची एकाधिकार कापूस खरेदी आली, तेव्हा या नात्याला धक्का बसला. भाव हमीचा झाला, पण ग्रेडवरून भांडणं आणि पैशांची वाट पाहणं शेतकऱ्याच्या वाट्याला आलं. ती योजना गेली, व्यापारी परत आला, २००२ नंतर बीटी बियाणं आलं, मग गुलाबी बोंडअळीही. आता कापसाच्या बरोबरीला सोयाबीन आहे. चार महिन्यांत मोकळं होतं, वेचणीला मजूर शोधावे लागत नाहीत, एवढं कारण शेतकऱ्याला पुरतं.

मोंढ्याने गावाला आणखी एक गोष्ट दिली, ती म्हणजे देणगी देऊ शकणारी माणसं. निजामी राजवटीत शिक्षणाचं माध्यम उर्दू होतं. मराठीतून शिकवणाऱ्या ज्या थोड्या खासगी शाळा मराठवाड्यात उभ्या राहिल्या, त्यांत सेलूचं नूतन विद्यालय होतं. अशा शाळांनी मुलांना राष्ट्रीय चळवळीचीही ओळख करून दिली. हैदराबाद संस्थानातल्या मराठी भाषकांची संघटना असलेल्या महाराष्ट्र परिषदेचं पहिलं अधिवेशन १९३७ मध्ये शेजारच्या परतूरला भरलं होतं, म्हणजे या भागात वातावरण तापलेलं होतंच. सेलूच्या विनायकराव चारठाणकरांचं नाव हैदराबाद मुक्तिसंग्रामात घेतलं जातं.

पुढची वाटचाल नकाशाची. १ मे १९८१ ला जालना जिल्हा झाला आणि परतूर तिकडे गेलं. १ मे १९९९ ला हिंगोली निघाली. उरलेल्या परभणी जिल्ह्यात आज नऊ तालुके आहेत आणि त्यांत सेलू आहे. तहसील आली, खेटे वाचले. नव्वदच्या दशकात मीटरगेजची ब्रॉडगेज झाली आणि मुंबईला जाताना मनमाडला गाडी बदलण्याची कटकट संपली. देवगिरी, तपोवन, नंदीग्राम थेट जाऊ लागल्या. गठाणी मात्र आता ट्रकमधून जातात.

ब्रह्मवाकडीला दुधनेवर धरण बांधलं, तो निम्न दुधना प्रकल्प. मंजुरी आणि पाणी यांच्यामध्ये एक पिढी म्हातारी झाली. पाणी अडलं ते तालुक्यात, बुडालेल्या जमिनींत परतूर-मंठ्याकडच्याही होत्या, आणि कालवे आपल्या शिवारात कधी पोहोचणार हा प्रश्न निवडणुकीगणिक नव्याने विचारला गेला.

या शेतशिवाराची खरी कैफियत वाचायची असेल तर आसाराम लोमटे यांच्या कथा वाचाव्यात. ते याच तालुक्यातल्या गुगळी धामणगावचे. 'आलोक' या कथासंग्रहाला २०१६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

विधानसभेला सेलू तालुका जिंतूरबरोबर जोडलेला आहे. निवडणूक आयोगाच्या कागदावर मतदारसंघाचं नाव एवढंच: जिंतूर. सेलूतले लोक बोलताना 'जिंतूर-सेलू' म्हणतात, आणि 'सेलू'वर जरा जोर देतात.