म्युलर : चक्कीवाल्याचे आडनाव

म्युलर हे जर्मनीत सर्वांत जास्त आढळणारे आडनाव आहे. या शतकाच्या आरंभी तिथल्या टेलिफोन यादीत या नावाच्या अडीच लाखांहून अधिक नोंदी होत्या. प्रत्येक नोंदीमागचे कुटुंब हिशेबात धरले, तर माणसांची संख्या सात लाखांच्या घरात जाते. स्वित्झर्लंडमध्येही पहिला क्रमांक म्युलरचाच आहे. ऑस्ट्रियात मात्र तो मान ग्रूबर या नावाकडे जातो. म्युलर म्हणजे दळण दळून देणारा, चक्की चालवणारा.

जर्मनीतली सर्वाधिक प्रचलित आडनावे क्रमाने मांडली, तर पहिली चौदा धंद्यावरून किंवा हुद्द्यावरून आलेली आहेत. म्युलरच्या मागोमाग श्मिट (लोहार), श्नायडर (शिंपी), फिशर (मासेमार), वेबर (विणकर), मायर (जमीनदाराचा कारभारी) आणि वाग्नर (गाडे बनवणारा) ही नावे येतात. बेकर (पाव भाजणारा), शुल्त्स (गावचा मुखिया), होफमान (मोठ्या शेतवाडीवरचा माणूस), शेफर (मेंढपाळ), कोख (आचारी), बावर (शेतकरी) आणि रिख्टर (न्यायाधीश) त्यांच्यानंतरची.

या यादीत बावर इतका खाली का, हा प्रश्न पहिल्या नजरेतच पडतो. मध्ययुगीन जर्मनीतली बहुतेक माणसे शेतावर राबत होती. धंद्यावरून आडनावे पडत असतील, तर देशभर शेतकरीच शेतकरी दिसायला हवे होते. पण आडनाव पडते ते एका माणसाला दुसऱ्यापासून वेगळे ओळखण्यासाठी. ज्या गावात सगळेच नांगर धरतात, तिथे ‘शेतकरी हाइनरिख’ म्हणून काहीच कळत नाही. ‘चक्कीवाला हाइनरिख’ म्हटले की मात्र सगळ्या गावाला एकच माणूस समजतो, कारण गावात किंवा जवळपासच्या दोन-तीन गावांत मिळून चक्की एकच असे. जो धंदा प्रत्येक ठिकाणी आहे पण प्रत्येक ठिकाणी एखादाच माणूस करतो, त्याचे आडनाव देशभर पसरते. चक्कीवाला आणि लोहार दोघेही या नियमात बसतात, म्हणूनच यादीच्या शिरोभागी हे दोघे आहेत. आडनावांच्या आकड्यांवरून एखाद्या धंद्यात किती माणसे होती हे काढायला जाणारा फसतो. तो धंदा गावोगाव कसा विखुरला होता, एवढेच ते आकडे सांगतात.

म्युलर पहिला येण्याचे दुसरे कारण भाषेत आहे. जर्मन बोलीभाषांत एकाच कारागिराला प्रांतोप्रांती वेगवेगळे शब्द होते. शिंपी दक्षिणेत आणि मध्य भागात श्नायडर झाला, उत्तरेत श्रोडर. गाडे बनवणारा कुठे वाग्नर, कुठे श्टेलमाखर, तर कुठे राडेमाखर. कुंभाराचीही टोप्फर, हेफ्नर, ऑयलर अशी फाटाफूट झाली. चक्कीवाल्याच्या बाबतीत असे झाले नाही, कारण त्याची चक्की आणि तिचे नाव दोन्ही रोमन लोकांकडून आले होते. पाण्यावर चालणारी चक्की इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात रोमन वास्तुशास्त्रज्ञ विट्रुव्हियसने वर्णन केली आहे. तिच्यासाठी उत्तरकालीन लॅटिनमध्ये ‘मोलिना’ आणि ती चालवणाऱ्यासाठी ‘मोलिनारियुस’ हे शब्द होते. त्यांवरून जुन्या जर्मनमध्ये ‘मुलिनारी’, पुढे ‘म्युल्नेर’ आणि शेवटी ‘म्युलर’ अशी रूपे झाली. मूळ एकच राहिल्याने सगळी बेरीज एका नावाच्या खाती जमा झाली. लोहाराचे नावही मुळात सर्वत्र एकच, पण ते श्मिट, श्मिड, श्मिट्स अशा लेखनभेदांत विभागले गेले. ते सगळे एकत्र केले, तर लोहार चक्कीवाल्याच्या बरोबरीला किंवा पुढेही जातो.

चक्कीवाल्याचे समाजातले स्थान विलक्षण होते आणि त्याच्या आडनावाचा इतिहास त्याशिवाय समजत नाही. आठव्या शतकातल्या बव्हेरियन कायद्याने चर्च, ड्यूकचा वाडा, लोहारशाळा आणि चक्की या चार वास्तू सार्वजनिक, सदैव खुल्या मानल्या होत्या. तिथे चोरी करणाऱ्याला जबर दंड होता. तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात आइके फॉन रेपगो याने सॅक्सन प्रदेशातला रूढ कायदा ‘झाक्सनश्पीगल’ या ग्रंथात लिहून काढला. जो चक्कीवर आधी येईल त्याचे दळण आधी, हा नियम त्यात नोंदलेला आहे. आजही जर्मन माणूस रांगेबद्दल बोलताना याच अर्थाची म्हण वापरतो.

वाहत्या पाण्यावर हक्क मात्र चक्कीवाल्याचा नव्हता. 1158 मध्ये सम्राट फ्रीडरिख बार्बारोसाने इटलीत रोंकाग्लिया इथे भरवलेल्या सभेत जे हक्क राजाचे म्हणून परत मागितले गेले, त्यांत टाकसाळी, जकाती आणि पूल यांच्या जोडीला चक्क्याही होत्या. राजाकडून हा हक्क सरदारांकडे आणि मठांकडे गेला. ते चक्की बांधून खंडाने चालवायला देत आणि आपल्या मुलखातल्या शेतकऱ्यांनी ठरलेल्या चक्कीवरच दळले पाहिजे अशी सक्ती करत. दुसरी चक्की जवळ असो वा स्वस्त असो, तिकडे जाण्याची मुभा नसे. प्रशियात ही सक्ती 1810 साली उठली.

चक्कीवाल्याला मजुरी रोखीने मिळत नसे. आलेल्या धान्यातला ठरावीक हिस्सा तो बलुत्यासारखा काढून घेई. ब्रांडेनबुर्गसारख्या प्रांतांत हा हिस्सा सोळावा होता. त्यासाठी लाकडी माप असे, आणि भांडणाचे मूळ त्या मापातच होते. शेतकरी पोत्यातून धान्य ओतून देई, ते दोन दगडांमध्ये अदृश्य होई आणि खालून पीठ बाहेर पडे. दळताना किती उडाले, दगडांच्या फटीत किती अडकले, माप शिगोशीग भरले की सपाट, यांपैकी काहीच शेतकऱ्याला तपासता येत नसे. सक्तीमुळे त्याला दुसरीकडे जाताही येत नसे. तेव्हा सगळा संशय दारात उभ्या असलेल्या चक्कीवाल्यावर, सरदारावर नव्हे. जर्मन लोककथांत आणि म्हणींत चक्कीवाला चोर ठरला तो या व्यवस्थेमुळे.

या संशयाची झळ पुढच्या पिढ्यांनाही लागली. अनेक शहरांत चक्कीवाल्याच्या मुलाला कारागिरांच्या संघात प्रवेश नाकारला जाई, कारण त्याचा धंदा ‘अप्रतिष्ठित’ गणला जाई. काही भागांत फाशी देताना लागणारी शिडी पुरवण्याचे कामही चक्कीवाल्याकडे होते. पवित्र रोमन साम्राज्याच्या 1548 मधल्या पोलीस नियमावलीने लिननचे कापड विणणारे, न्हावी, मेंढपाळ, चक्कीवाले, जकातदार आणि वाजंत्री यांच्या मुलांना संघातून वगळू नये असे बजावले. तोच आदेश 1577 मध्ये पुन्हा काढावा लागला, यावरून तो किती पाळला गेला ते दिसते.

प्रत्यक्षात हा माणूस गावातला सर्वांत कुशल कारागीर असे. उभे फिरणारे पाणचाक आणि आडवा फिरणारा दगड यांच्यामध्ये लाकडी दात्यांची चाके असत. ती तुटली की तोच घडवी. खालचा दगड स्थिर असतो, वरचा फिरतो. दोन्हींवर मधून कडेकडे जाणाऱ्या चऱ्या असतात. त्या झिजल्या की दगड उचलून उलटा करायचा आणि पोलादी टाकीने चऱ्या पुन्हा खोल करायच्या. या कामात टाकीच्या कपच्या उडून हाताच्या पाठीत रुतत आणि तिथेच काळ्या ठिपक्यांसारख्या राहत. आयफेल डोंगराळ भागातल्या मायेन गावचा सच्छिद्र बेसाल्ट दगड चक्कीसाठी नावाजलेला होता. झिजताना त्याच्या छिद्रांच्या नव्या कडा उघड्या पडतात आणि धार टिकते. रोमन काळापासून हे दगड ऱ्हाइन नदीने दूरवर जात. त्याच नदीत कोलोनजवळ नांगर टाकून उभ्या केलेल्या होड्यांवर चक्क्या चालत. उत्तरेच्या सपाट मुलखात पाण्याला उतार नसल्याने तेराव्या शतकापासून पवनचक्क्या आल्या.

आडनावांची गरज बाराव्या शतकात शहरांमध्ये भासू लागली. तोवर प्रत्येकाला एकच नाव असे. वस्ती वाढली, योहानेस, हाइनरिख, कोनराड अशी मोजकीच नावे घरोघर ठेवली जाऊ लागली, आणि मालमत्तेचे व्यवहार लेखी होऊ लागले. लॅटिन दस्तऐवजांत ‘हेन्रिकुस मोलेंडिनारियुस’ अशी नोंद दिसते, म्हणजे चक्कीवाला हाइनरिख. ही ओळख आधी एका माणसापुरती होती. मुलाने धंदा सोडला तरी नाव चिकटून राहिले, तेव्हा ते आडनाव झाले. दक्षिणेत आणि पश्चिमेत हे आधी घडले, उत्तरेत आणि पूर्वेत नंतर. फ्रीजलंडमध्ये तर बापाचे नाव लावण्याची रीत नेपोलियनच्या राजवटीतल्या 1811 च्या आदेशापर्यंत चालली.

नावाच्या रूपांत प्रांताची छाप स्पष्ट आहे. हांबुर्ग, श्लेस्विग-होल्श्टाइन आणि मेक्लेनबुर्ग या उत्तरेच्या भागांत म्योलर चालते. डेन्मार्कमधले म्योलर त्याचेच भावंड. हॉलंडच्या सीमेकडे मुल्डर, बव्हेरिया आणि श्वाबियात मिलर. एकाच परिसरात दोन चक्क्या असल्या की ओढ्याच्या वरच्या अंगाचा ओबरम्युलर, खालच्या अंगाचा नीडरम्युलर, नव्या चक्कीचा नॉयम्युलर. चक्की फक्त पिठाची नसे. लाकूड कापणारा झेगम्युलर, कातडी कमावायला झाडाची साल कुटणारा लोहम्युलर, बंदुकीची दारू करणारा पुल्फरम्युलर ही आडनावे आजही आहेत. या सगळ्यांचे नकाशे कोनराड कुन्झे आणि डामारिस न्युबलिंग यांच्या देखरेखीखाली तयार झालेल्या जर्मन आडनावांच्या बृहद् अ‍ॅटलासमध्ये आले आहेत. 2009 पासून निघालेल्या या ग्रंथमालेचा आधार 2005 मधल्या टेलिफोन नोंदींचा आहे. जर्मन भाषेच्या इतिहासावर इतके मोलाचे काम अलीकडे क्वचितच झाले असेल.

शिकलेल्या म्युलरांना हे नाव फार साधे वाटे. सोळाव्या शतकाच्या आगेमागे अनेकांनी त्याचे लॅटिन रूपांतर मोलिटोर किंवा मिलियुस असे केले. मोलिटोर आजही ऱ्हाइनकाठी आणि लक्झेंबर्गमध्ये आढळते. फ्रांकोनियातल्या क्योनिग्सबेर्ग गावी 1436 मध्ये जन्मलेला योहानेस म्युलर हा चक्कीवाल्याचाच मुलगा. त्याचे गणित आणि खगोलशास्त्र जगाला ठाऊक आहे ते गावाच्या नावावरून पडलेल्या रेगिओमोंटानुस या नावाने.

महाराष्ट्राला सर्वांत परिचित म्युलर म्हणजे मॅक्स म्युलर (1823–1900). त्यांचे वडील विल्हेल्म म्युलर कवी होते. चक्कीवाल्याच्या मुलीवर जीव जडलेल्या तरुण कारागिराची त्यांनी लिहिलेली कवितामाला शूबर्टच्या संगीतामुळे अजरामर झाली. पण विल्हेल्म यांचे वडील डेसाऊ शहरातले शिंपी होते. चक्की घराण्यातून कधीच गेली होती, नाव तेवढे उरले होते. ते फार जणांचे असल्याने मॅक्स म्युलर यांनी पुढे ‘मॅक्स’ हा शब्दही आडनावाचा भाग करून टाकला. सायणभाष्यासह ऋग्वेदाचे सहा खंड त्यांनी 1849 ते 1874 या काळात प्रसिद्ध केले आणि त्यावर स्वतःचे नाव संस्कृत वळणाने ‘मोक्षमूलर’ असे छापले. लोकमान्य टिळकांना 1897 मध्ये राजद्रोहाची शिक्षा झाली, तेव्हा मॅक्स म्युलर यांनी ऋग्वेदाची आपली आवृत्ती त्यांना धाडली आणि सुटकेच्या अर्जावर सही केली. 1898 मध्ये टिळक सुटले. पुण्या-मुंबईतल्या जर्मन सांस्कृतिक केंद्रांना मॅक्स म्युलर भवन म्हणतात ते याच विद्वानाच्या स्मरणार्थ.

पुष्कळ म्युलर अमेरिकेत गेले. दक्षिण आणि पश्चिम जर्मनीतून पेनसिल्व्हेनियात उतरलेल्यांच्या बोलीत या नावाचा उच्चार मुळातच ‘मिलर’च्या जवळ होता, त्यामुळे इंग्रजी रूप त्यांना परके वाटले नाही. 2010 च्या अमेरिकी जनगणनेत मिलर सातव्या क्रमांकावर होते, 11 लाख 61 हजारांहून अधिक लोकांचे. त्यांत इंग्लंड-स्कॉटलंडमधून आलेले मिलर आणि जर्मन म्युलर यांना आता वेगळे काढता येत नाही. फ्रान्समध्ये अल्सास आणि मोझेल भागांत हे नाव u या अक्षरावरच्या दोन टिंबांशिवाय लिहिले जाते. रुमानियातल्या बानात प्रदेशातील जर्मनभाषक समाजातून आलेल्या हेर्टा म्युलर यांना 2009 चे साहित्याचे नोबेल मिळाले.

जर्मनीत लेखन पक्के झाले ते 1876 पासून, जन्म-मृत्यू-विवाहांची सरकारी नोंदणी सर्व जर्मन साम्राज्यात सुरू झाल्यावर. मूळ धंदा मात्र त्याच सुमारास आटू लागला. वाफेवर चालणाऱ्या आणि पोलादी रोलरांनी दळणाऱ्या मोठ्या गिरण्यांपुढे ओढ्याकाठची चक्की टिकेना. 1957 मध्ये पश्चिम जर्मनीने कायदा करून लहान चक्क्या बंद करणाऱ्या मालकांना भरपाई दिली, आणि काही वर्षांत हजारो चक्क्या थांबल्या. 2017 पासून तर या धंद्याच्या सरकारमान्य प्रशिक्षणाचे नावही म्युलर राहिले नाही. त्याला आता चक्की व धान्य उद्योगातील प्रक्रिया-तंत्रज्ञ असे लांबलचक नाव आहे. उरलेल्या जुन्या चक्क्या 1994 पासून दरवर्षी पेंटेकोस्टच्या सोमवारी लोकांना पाहण्यासाठी उघडतात.

इतक्या म्युलरांना वेगळे ओळखायचे कसे, हा प्रश्न राज्यसंस्थेलाही पडलेला आहे. वायमार प्रजासत्ताकाच्या काळात चॅन्सेलर झालेले हेर्मान म्युलर संसदेतल्या नामबंधूंपासून वेगळे ओळखावेत म्हणून मतदारसंघावरून म्युलर-फ्रांकेन म्हटले जात. जर्मन प्रशासनाच्या नियमांत मायर, म्युलर, श्मिट, शुल्त्स या नावांनी ओळख पटवण्याची शक्ती गमावली आहे असे नमूद असून, ती बदलून घेण्यास हे कारण ग्राह्य धरले जाते. वेगळेपणाची आणखी एक वाट आता खुली आहे : 1 मे 2025 पासून पती-पत्नींना दोघांच्या आडनावांचे जोडनाव कुटुंबासाठी घेता येते आणि ते मुलांनाही लावता येते.