पांढरी काठी : अंधांच्या स्वतंत्र संचाराचा इतिहास

काठी हे अंध व्यक्तीचे फार जुने साधन आहे. परंतु वाहनांनी भरलेल्या रस्त्यावर या काठीने नेमके कोणते कार्य करावे, याचा पद्धतशीर विचार विसाव्या शतकात झाला. त्या विचारात होत गेलेल्या बदलांचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

इंग्लंडमधील ब्रिस्टल येथील छायाचित्रकार जेम्स बिग्ज यांची अपघातात दृष्टी गेली. वाढत्या वर्दळीत आपण वाहनचालकांना दिसावे, या हेतूने त्यांनी १९२१ मध्ये आपली काठी पांढरी रंगविली. १९३१ मध्ये पॅरिस येथे गिली देर्बमाँ यांनी अंधांना पांढऱ्या काठ्या देण्याची मोहीम सुरू केली. या टप्प्यावर काठीचा रंग हा प्रामुख्याने डोळसांसाठी इशारा होता; अंधाची सुरक्षितता इतरांच्या सौजन्यावर अवलंबून होती.

दुसऱ्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या अमेरिकन सैनिकांच्या पुनर्वसनातून पुढील टप्पा आला. १९४४ मध्ये व्हॅली फोर्ज येथील लष्करी रुग्णालयात रिचर्ड हूवर यांनी लांब व हलकी काठी वापरण्याचे तंत्र विकसित केले. उजवे पाऊल पडताना काठीचे टोक डावीकडे टेकते. त्यामुळे पुढील पाऊल जेथे पडणार, ती जागा आधीच तपासली जाते. खड्डा, पायरी, पदपथाची कड यांचे ज्ञान आता चालणाऱ्यालाच होऊ लागले. काठी ओळखचिन्ह न राहता ज्ञानसाधन बनली.

मात्र काठी जमिनीलगतचेच अडथळे टिपते. लोंबणारी फांदी किंवा उघडी खिडकी तिला कळत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी आयआयटी दिल्लीच्या पुढाकाराने तयार झालेली ‘स्मार्टकेन’ २०१४ मध्ये उपलब्ध झाली. श्राव्यातीत ध्वनिलहरींद्वारे गुडघ्यावरील अडथळा ओळखून ती मुठीतील कंपनांनी सूचना देते.

तथापि साधन कितीही प्रगत झाले, तरी रस्ता सुगम असावाच लागतो. जपानमध्ये ओकायामा येथे १९६७ मध्ये सेईइची मियाके यांच्या उंचवटेदार फरशा प्रथम रस्त्यावर बसविण्यात आल्या. भारतात १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्याने ध्वनिसूचक सिग्नल व फलाटाच्या कडेवरील स्पर्शखुणांची तरतूद केली. पण ती शासनाच्या आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत. या कायद्याची जागा पुढे २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने घेतली.

सारांश, काठीचा इतिहास हा सौजन्याकडून स्वावलंबनाकडे आणि स्वावलंबनाकडून हक्काकडे झालेला प्रवास आहे. काठी धरणाऱ्याने आपले तंत्र आत्मसात केले. अतिक्रमणमुक्त, सलग पदपथ देणे हे समाजाचे उत्तरदायित्व आहे.