ऊबेराबा
ब्राझीलमधील मीनास झिराइस राज्याच्या पश्चिम भागातील शहर व त्याच नावाचे नगरपालिका क्षेत्र. क्षेत्रफळ सु. ४,५०० चौ. किमी.; लोकसंख्या सु. ३.३८ लाख (२०२२). ग्रांदी व पारानाईबा या नद्यांमधील ‘त्रिआंगुलो मिनेइरो’ पठारी प्रदेशात ते वसले आहे. हवामान उष्ण, उन्हाळे पावसाळी व हिवाळे कोरडे. मूळ वनस्पतिजीवन सेराडो प्रकारचे (पहा : सॅव्हाना).

गोयास प्रदेशाकडे जाणाऱ्या मार्गालगतच्या वसाहतीला १८२० मध्ये पॅरिशचा व १८५६ मध्ये शहराचा दर्जा मिळाला. १८८९ मध्ये मोजिआना लोहमार्ग आल्याने व्यापार वाढला.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून येथील पशुपालकांनी भारतातून वशिंडाची (झेबू) गुरे आणली. गीर, ओंगोल (ब्राझीलमध्ये ‘नेलोरे’) व कांक्रेज (तेथे ‘गुझेरा’) या जाती त्यांत प्रमुख होत. त्यांच्या संकरातून याच प्रदेशात ‘इंदुब्राझील’ जात तयार झाली (पहा : गाय). झेबू पशुपैदासकारांच्या राष्ट्रीय संघटनेचे मुख्यालय येथे असून ती दरवर्षी ‘एक्स्पोझेबू’ हे पशुप्रदर्शन भरवते. ऊस, सोयाबीन व मका ही मुख्य पिके. खतनिर्मितीही महत्त्वाची आहे.

जवळच्या पेइरोपोलिस येथे क्रिटेशस कालखंडातील डायनोसॉरांचे जीवाश्म सापडतात. ‘ऊबेराबाटायटन’ या प्रजातीचे नाव शहरावरून पडले (पहा : डायनोसॉर).