डोईचे केस कोणाच्या मालकीचे?

कोकणच्या इतिहासाची आठवण निघाली म्हणजे डोळ्यांपुढे प्रथम तट, बुरूज आणि गलबते उभी राहतात. मालवणच्या कुरटे बेटावर १६६४ साली सिंधुदुर्गाचा पाया घातला गेला. त्या तटांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, व ते योग्यच झाले. परंतु त्या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या जी माणसे नांदली, त्यांच्या डोईला तेल कोण लावी, वस्तरा कोण लावी, आणि ज्याचे डोके त्याला या कामी कितपत विचारले जाई, हा प्रश्न मात्र इतिहासलेखकांनी क्वचितच हाती घेतला आहे. विषय वरकरणी क्षुल्लक दिसतो खरा. परंतु केसांइतकी माणसाच्या जवळची आणि तरीही समाजाच्या इतकी ताब्यात असलेली दुसरी वस्तू आम्हांस आढळत नाही. म्हणून आज वाचकांपुढे हीच लहानशी कथा मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम घरातील केशसंगोपनाकडे वळू. मालवण-वेंगुर्ल्याच्या पट्टीत माणसाच्या डोक्याला पहिला स्पर्श होतो तो नारळाच्या तेलाचा. ओल्या खोबऱ्याचा रस काढून, तो मंद आचेवर आटवून जे तेल निघते त्यास आवेल म्हणतात. हे तेल तान्ह्या मुलासाठी राखलेले असे. याच तेलाने त्याची टाळू भरावयाची. मोठ्यांसाठी सुके खोबरे घाण्यात घालून काढलेले खोबरेल. त्यात माका वा जास्वंद कढवावी, शिकेकाई व रिठे यांच्या पाण्याने डोके धुवावे, फणेरपेटी उघडून दाट दात्यांच्या फणीने लिखा-उवा काढाव्या, आणि मग तिपेडी किंवा चौपेडी वेणी घालावी, असा हा क्रम. फाल्गुन-चैत्रात वेंगुर्ल्याच्या आरवली-सोनसुरे भागात सुरंगी फुलली, की तिच्या कळ्यांचे वळेसर त्या वेणीवर चढत. इतर दिवसांत अबोली होतीच.

हे सारे अडाणीपणाचे होते असे कोणी म्हणेल तर ते खरे नव्हे. खोबरेलात जवळजवळ निम्मे जे लॉरिक आम्ल असते, त्याचे कण लहान व सरळ असल्यामुळे ते केसाच्या आत शिरते, आणि धुण्या-विंचरण्यात केसांतील प्रथिनांची जी झीज होते ती कमी करते, हे अलीकडच्या प्रयोगांनी दाखविले आहे. तेलाने केस मोडावयाचे थांबतात. ते मुळातून नवे उगवतात असे मात्र नाही. तसेच कोंडा झालेल्या डोक्यावर तेल थापून कोंडा जात नाही, कारण त्यास साह्य करणारी सूक्ष्म बुरशी तेलावरच पोसते. तान्ह्या मुलाच्या नाकाकानांत तेल सोडण्याची जुनी चालही आजचे बालरोगतज्ज्ञ वर्ज्य मानतात. बाळंतपणानंतर दोन-चार महिन्यांनी केस मूठमूठ गळू लागले म्हणजे घरातील बायका घाबरतात. पण ती गळती बहुधा आपोआप थांबते. आजीबाईच्या शहाणपणात धान्य पुष्कळ व फोल थोडे. ते पाखडून घेतले म्हणजे झाले.

घराच्या उंबरठ्यापर्यंत केसांवर आईची व आजीची सत्ता चाले. त्यापुढे गावाची सत्ता सुरू होई, आणि तिचा हात म्हणजे न्हावी. मालवणी बोलीत त्याला म्हालो म्हणतात. बगलेत धोकटी; तीत वस्तरा, कातर, नखे काढावयाची नराणी, चिमटा, धार लावावयाचा दगड व हातात धरावयाचा आरसा. एवढ्या सामग्रीवर तो सगळ्या गावाची डोकी सांभाळी, आणि सुगीच्या वेळी बलुत्याचे भात घेई. मुलाचे जावळ तोच काढी. मूल त्या वेळी मामाच्या मांडीवर बसे. पुरुषांची डोकी भोवताली भादरून मधला घेरा व शेंडी राखावयाची, कोणास कल्ले तर कोणास झुलपे ठेवावयाची, हे त्या त्या जातीच्या व वयाच्या चालीवर ठरे. गळू फोडणे, रक्त काढणे ही कामेही पुष्कळ ठिकाणी त्याच्याचकडे असत. याच जातीने महाराष्ट्राला सेना न्हाव्यासारखा संत दिला. प्रतापगडच्या पायथ्याशी १६५९ मध्ये सय्यद बंडाचा वार अडविणारा जिवा महाला आणि १६६० मध्ये पन्हाळ्याहून महाराजांची सुटका व्हावी म्हणून त्यांचा वेष घेऊन मरणाला सामोरा गेलेला शिवा काशीद हेही याच जातीचे. ‘होता जिवा म्हणून वाचला शिवा’ ही म्हण आजही शाळकरी पोरास ठाऊक आहे.

परंतु या हुशार हाताला स्वतःची इच्छा नव्हती. कोणत्या डोक्याला वस्तरा लावावयाचा आणि कोणत्या डोक्याला लावावयाचा नाही, हे न्हावी ठरवीत नसे, आणि डोके ज्याचे तोही ठरवीत नसे. ते रूढी ठरवी. तिच्या निकालाने दोन मोठे अन्याय घडले. एका ठिकाणी नको असता वस्तरा आला, आणि दुसऱ्या ठिकाणी हवा असता तो आला नाही. आमच्या मते कोकणच्या केशेतिहासाचे सार या एका वाक्यात सामावते.

पहिला अन्याय विधवेच्या केशवपनाचा. ज्या जातींत पाटाची चाल होती त्यांना ही पीडा बहुधा शिवली नाही. पण ब्राह्मणवर्गात आणि त्यांच्या वळणावर जाणाऱ्या घरांत नवरा मेल्यावर, कोवळ्या वयातसुद्धा, मुलीचे डोके भादरून तिला आलवणात गुंडाळीत. आधार सांगत तो काशीखंडाचा: विधवेने वेणी बांधली तर परलोकी पती बंधनात पडतो! वेणीच्या तीन पेडांनी परलोकातील माणूस बांधला जातो हे मानणे ज्यांना अवघड वाटले नाही, त्यांना आठ-दहा वर्षांच्या मुलीचे रडणे ऐकू आले नाही, याचे आश्चर्य कसले? रत्नागिरी जिल्ह्यातच जन्मलेले महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांनी आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या १९४१ सालच्या खंडात या चालीस वेदांचा आधार नाही, ती मागाहून आलेली आहे, असे दाखवून दिले. पण ग्रंथातला निर्णय अंगणात पोहोचण्यास वेळ लागतो. हरिभाऊ आपट्यांनी ‘पण लक्षात कोण घेतो?’ या कादंबरीत यमूचे बळजबरीने झालेले वपन रंगविले, तेव्हा मराठी वाचक हळहळले. परंतु हळहळणारे कित्येक वाचक आपल्या घरात तेच होऊ देत होते.

मालवणपुरते पाहावयाचे तर डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांचे स्मरण झाल्यावाचून राहत नाही. त्यांचा जन्म १८३७ साली मालवणात झाला. संस्कृत विद्येत त्यांचा अधिकार एवढा, की शास्त्राच्या नावाने त्यांचे तोंड बंद करणे कोणास सोपे नव्हते. त्यांनी नुसती वचने काढून दाखविली नाहीत. १८९१ साली आपल्या विधवा कन्येचा पुनर्विवाह लावून दिला, आणि स्वजनांचा रोष पत्करला. ज्या पंडिताला पोथीचा अर्थ कळतो त्याला मुलीचे दुःखही कळावे, हे त्या काळी साहजिक नव्हते.

तथापि सुधारकांच्या या कथेत एक पान बहुधा उलटून पुढे टाकले जाते, आणि ते न्हाव्यांचे आहे. सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते, ‘दीनबंधु’चे संपादक व १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणीकामगारांची संघटना उभारणारे नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने १८९० साली मुंबईत न्हाव्यांची सभा भरली. शेकडो न्हावी जमले, आणि यापुढे विधवांच्या डोक्याला वस्तरा लावावयाचा नाही असा त्यांनी निश्चय केला. या कामाचे त्यांना पैसे मिळत. रूढी त्यांची नव्हती. शास्त्र त्यांनी लिहिले नव्हते. तरी हात आमचा आहे आणि पापात त्याचा वाटा आहे, एवढे त्या माणसांनी ओळखले. शास्त्री वाद घालीत होते, संपादक लेख लिहीत होते, आणि हातावर पोट असलेल्या कारागिरांनी वस्तरा खाली ठेवला. या सभेने चाल एका दिवसात बंद पडली नाही हे खरे. देवरुखच्या पार्वतीबाई आठवले यांचेही वपन झाले होते. कर्व्यांच्या हिंगण्याच्या आश्रमासाठी वर्गणी मागत त्या गावोगाव फिरल्या, आणि पुढे आपणच ठरवून त्यांनी केस पुन्हा वाढविले; ही हकीकत त्यांच्या १९२८ सालच्या आत्मचरित्रात आहे. एका बाजूने न्हाव्याने हात आवरला, दुसऱ्या बाजूने स्त्रीने डोके मागे घेतले; या दोहोंच्या मध्ये रूढी हळूहळू मेली.

दुसरा अन्याय याच्या नेमका उलट. गावचा वस्तरा अस्पृश्य गणलेल्यांच्या डोक्याला लागत नसे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे. साताऱ्यातील आपल्या बालपणाविषयी ते लिहितात, की घरातील मुलांचे केस त्यांची थोरली बहीण कापी. गावात न्हावी होते, त्यांना द्यावयास पैसे होते, पण कोणी न्हावी त्या डोक्यांना हात लावावयास तयार नव्हता. येथेही न्हाव्याच्या हातात रूढीच बोलत होती. कारण त्या डोक्याला हात लावला तर बाकीचा गाव त्याचे बलुते तोडी. कोणास वाळीत टाकावयाचे म्हणजे ‘न्हावी-धोबी बंद’ करावयाचे, हे तर ठरलेलेच हत्यार. सुधारकांवरही ते अनेकदा चालविले गेले. जो वस्तरा विधवेच्या डोक्यावर अत्याचार म्हणून येई, तोच येथे अनुपस्थित राहून अपमान करी.

या दोन्ही गाठी सुटण्यास न्यायबुद्धीबरोबर बाजाराचीही मदत झाली, हे आम्हांस नमूद केले पाहिजे. मालवणी मुलुखातील माणूस आगबोटीने मुंबईस गेला, गिरणीत लागला, आणि तेथे त्याने हेअर कटिंग सलून पाहिले: भिंतीवर मोठा आरसा, फिरती खुर्ची, आणि ठरलेला दर. शिमग्याला व चवथीला चाकरमानी घरी परतला तो शेंडीऐवजी भांग घेऊन; म्हाताऱ्यांनी नाके मुरडली, पण पुढच्या वर्षी धाकट्या भावाच्या डोक्यावरही तोच भांग दिसला. १९०३ साली अमेरिकेत जिलेटने बदलत्या पात्याचा वस्तरा विकावयास काढला. तो इकडे पसरल्यावर दाढी करणे ज्याच्या त्याच्या हातात आले. ओसरीवर येणाऱ्या न्हाव्याला गिऱ्हाइकाची जात ठाऊक असे. शहरातील खुर्चीला ती विचारण्यास सवड नसते. तरीही नुसत्या बाजारावर हे काम सोपविता आले नसते. १९५० मध्ये अमलात आलेल्या राज्यघटनेने अस्पृश्यता नष्ट केली व दुकाने सर्वांस खुली केली. १९५५ च्या कायद्याने अस्पृश्यतेपायी सेवा नाकारणे हा गुन्हा ठरविला. सलून हे दुकान आहे, आणि त्याची खुर्ची कायद्याने सर्वांची आहे, हे सांगावे लागले यातच इतिहास आला.

आज सिंधुदुर्ग हा १९८१ पासून स्वतंत्र जिल्हा आहे. कणकवली-कुडाळात पुरुषांची सलून आहेत, स्त्रियांची पार्लर आहेत. मुलीने वेणी ठेवावी की केस खांद्यापाशी कापावे, मुलाने दाढी राखावी की काढावी, यावर घरोघर वाद होतात. वडीलधाऱ्यांस आमचे एवढेच सांगणे, की सल्ला आरोग्याचा द्यावा: प्रत्येक गिऱ्हाइकास नवे पाते वापरणारेच सलून निवडावे, कारण रक्तातून पसरणारी कावीळ वस्तऱ्यावरून येऊ शकते, फणी व टॉवेल दुसऱ्याचा घेऊ नये, कारण मुलांच्या डोक्यातील नायटा व उवा त्यातूनही येऊ शकतात, भपकेदार औषधांपेक्षा स्वच्छता बरी. परंतु केस किती लांब असावेत हा निर्णय ज्याचे डोके त्याच्याकडे राहू द्यावा. अठरा वर्षांच्या मुलीला ‘आमच्या घराण्यात असे चालत नाही’ म्हणून अडविणाऱ्याने क्षणभर थांबून पाहावे, की हे वाक्य यापूर्वी कोणकोणत्या डोक्यांवर उच्चारले गेले आहे.

आणि एक गोष्ट अजून उरली आहे. वस्तरा गेला, फुलांची बंदी पुरती गेली नाही. २०२२ साली कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने नवऱ्यामागे बायकोचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे या चाली बंद करण्याचा ठराव केला, व राज्य सरकारने तो इतर गावांपुढे उदाहरण म्हणून ठेवला. त्यावरून त्या चाली तोवर जिवंत होत्या हे उघड आहे. नवरा गेलेल्या बाईने सुरंगीचा वळेसर माळला तर आजही काही माना वळतात. ज्यांच्या वळतात त्यांनी मुंबईच्या त्या न्हाव्यांचे स्मरण करावे. त्यांना हातचे उत्पन्न सोडावे लागले. आपणांस नुसती मान सरळ ठेवावयाची आहे.