एक किलोचा चाप : स्पर्धेच्या पिस्तुलाचा ट्रिगर कसा निवडतात आणि त्यामागचा चारशे वर्षांचा इतिहास (धागा)

१/ २२ ऑगस्ट २०१८, पालेमबांग, इंडोनेशिया. आशियाई क्रीडा स्पर्धेत महिलांच्या २५ मीटर पिस्तूल प्रकाराची अंतिम फेरी. पात्रता फेरीत सातव्या आलेल्या कोल्हापूरच्या राही सरनोबत आणि थायलंडच्या नफास्वान यांगपाइबून यांची ३४-३४ अशी बरोबरी झाली. पहिला शूट-ऑफ ४-४, दुसरा ३-२. राही यांना सुवर्णपदक. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचे सुवर्ण जिंकणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला.

२/ बातम्यांत नेम आणि संयम यांविषयी बरेच लिहिले गेले. या धाग्याचा विषय मात्र बोटाखालच्या त्या लहानशा तुकड्याचा आहे, ज्याला आपण चाप, घोडा किंवा सरळ ट्रिगर म्हणतो. त्या रांगेतील प्रत्येक खेळाडूच्या ट्रिगरला एकच नियम लागू होता : किमान १००० ग्रॅम. हा आकडा कोठून आला आणि त्याच्या मर्यादेत खेळाडू नेमके काय निवडतो, ते पाहू.

३/ आरंभ तोड्याच्या बंदुकीपासून करू. जळती जामगी एका वाकड्या पट्टीत अडकवलेली असे. खालची दांडी दाबली की ती पट्टी रंजकाच्या पात्राकडे झुकत असे आणि रंजक पेट घेई. येथे बोटाचे काम केवळ जामगी खाली आणण्याचे होते. दाब किती लागतो याला महत्त्व नव्हते, कारण दाबणे आणि बार उडणे यांच्यात जाणवण्याइतका वेळ जात असे.

४/ चकमकीच्या बंदुकीने हे चित्र पालटले. ताणलेल्या स्प्रिंगची शक्ती घोड्यात साठवायची आणि तो घोडा एका लहान खाचेत अडवून धरायचा. त्या अडसराला आज सिअर म्हणतात. बोट आता गारगोटी हलवत नाही. ते फक्त अडसर सोडते. आधुनिक ट्रिगरचे सारे प्रश्न याच खाचेत जन्मले. खाच खोल असेल तर चाप जड आणि खरखरीत लागतो. ती उथळ असेल तर चाप हलका होतो, पण धक्क्यानेही सुटू शकतो.

५/ अठराव्या शतकाच्या अखेरीस महादजी शिंदे यांच्या सेवेत द बोईन्य यांनी कवायती पलटणी उभ्या केल्या. त्यांच्यासाठी आग्रा येथे सँगस्टर नावाच्या स्कॉटिश कारागिराच्या देखरेखीखाली तोफा आणि बंदुका तयार होत. हे काम हाताचे होते. प्रत्येक चापाचे भाग कानशीने घासून एकमेकांना बसवले जात, त्यामुळे एका बंदुकीचा अडसर दुसरीत चपखल बसेलच याचा भरवसा नसे.

६/ त्याच दशकात, १७८५ मध्ये, फ्रान्समध्ये ऑनोरे ब्लांक हा बंदूक-कारागीर एकसारख्या भागांचे चाप बनवून दाखवत होता. अमेरिकेचे तत्कालीन राजदूत थॉमस जेफरसन यांनी ढिगातून हाती येतील ते भाग उचलून स्वतः चाप जुळवला आणि तो व्यवस्थित जुळला. पुढे एकोणिसाव्या शतकात हे तंत्र कारखान्यांत रुजले.

७/ आपल्या विषयासाठी हा टप्पा निर्णायक आहे. आग्र्याच्या शिपायाला 'ट्रिगरचे भाग निवडा' असे सांगितले असते, तर त्याला त्याचा अर्थच लागला नसता. त्याच्या हाती कारागिराने बसवलेला चाप येई, आणि तोच त्याचा चाप. स्प्रिंग, सिअर, ट्रिगरची पट्टी हे सुटे, अदलाबदल करता येणारे भाग झाले, तेव्हाच निवड ही गोष्ट अस्तित्वात आली.

८/ दुसरा धागा युरोपातील क्रॉसबोचा. जोरदार धनुष्याची दोरी अडवून धरायला मोठी शक्ती लागे, साहजिकच ती सोडायलाही जोर लागे. कारागिरांनी मध्ये आणखी एक लहान यंत्रणा घातली : आधी ती ताणून ठेवायची, मग बोटाच्या हलक्या स्पर्शाने ती सुटते आणि तिच्या आघाताने मुख्य अडसर सुटतो. हाच 'सेट ट्रिगर'. तो पुढे नेमबाजीच्या बंदुकांत आला. संस्कृतात 'चाप' म्हणजे धनुष्य. योगायोग मोठा सुंदर आहे.

९/ १८९६ च्या अथेन्स ऑलिंपिकपासून पिस्तूल नेमबाजी खेळाच्या मैदानात आहे. ५० मीटर 'फ्री पिस्तूल' या प्रकारात ट्रिगरच्या वजनाला किमान मर्यादाच नव्हती. स्वित्झर्लंडची हेमर्ली, सोव्हिएत संघाची तोझ-३५ यांसारख्या पिस्तुलांत सेट ट्रिगर असे आणि काही थोड्या ग्रॅमच्या दाबाने गोळी सुटे. हा प्रकार २०१६ च्या रिओ ऑलिंपिकनंतर ऑलिंपिकमधून वगळला गेला.

१०/ २५ मीटर रॅपिड फायर प्रकाराचीही तीच कथा. २००४ पर्यंत त्यात लहान काडतुसाची, अत्यंत हलक्या चापाची खास पिस्तुले चालत. २००५ पासून नियम बदलले : .२२ लाँग रायफल काडतूस आणि किमान १००० ग्रॅमचा ट्रिगर. एका निर्णयाने अनेक खास पिस्तुले कपाटात गेली. यंत्राची सूट कमी झाली, बोटाची कसोटी वाढली.

११/ आजचे आकडे लक्षात ठेवा. १० मीटर एअर पिस्तूल : ट्रिगर किमान ५०० ग्रॅम, पिस्तुलाचे वजन कमाल १५०० ग्रॅम. २५ मीटर पिस्तूल : ट्रिगर किमान १००० ग्रॅम, वजन कमाल १४०० ग्रॅम. तपासणी साधी आहे. नळी उभी धरायची, ट्रिगरच्या मध्याजवळ वजन अडकवायचे आणि पिस्तूल वर उचलायचे. घोडा सुटला की पिस्तूल नापास. पिंगळीच्या किराणा दुकानातले एक किलोचे माप डोळ्यांसमोर आणा. त्या भाराने चाप सुटता कामा नये.

१२/ आता या आकड्यांकडे पुन्हा पाहा. जास्तीत जास्त १४०० ग्रॅमची वस्तू एका हातात, कोणत्याही आधाराविना, लांबवर धरलेली. आणि तिच्यावर एका बोटाने १००० ग्रॅमहून अधिक दाब द्यायचा. दाब किंचित तिरका गेला तरी नळी हलणार. अचूकतेच्या फेरीत २५ मीटरवरील लक्ष्याचे दहाचे वर्तुळ फक्त ५० मिलिमीटर व्यासाचे असते. म्हणून ट्रिगरची निवड ही चैन नसून गरज आहे.

१३/ खेळाडू काय निवडतो? पहिली गोष्ट, पट्टीचे स्थान. ट्रिगरची पट्टी पुढे-मागे सरकवता येते, काहींत तिरकीही करता येते. बोटाचे पहिले पेर पट्टीवर असे बसले पाहिजे की दाब सरळ मागे जाईल. हात लहान असेल आणि पट्टी लांब असेल तर बोट पिस्तुलाला बाजूला ढकलते. सर्वोत्तम सिअरही ही चूक झाकू शकत नाही.

१४/ दुसरी गोष्ट, दाबाची वाटणी. दोन टप्प्यांच्या ट्रिगरमध्ये आधी एक मोकळी हालचाल असते, मग बोटाला स्पष्ट भिंत लागते. १००० ग्रॅमपैकी बराचसा भार पहिल्या टप्प्यात ठेवता येतो. २५ मीटरच्या जलद फेरीत हात ४५ अंश खाली असतो आणि लक्ष्य केवळ ३ सेकंद दिसते. हात वर येत असतानाच पहिला टप्पा संपवायचा, आणि नेम स्थिरावताच उरलेला थोडा भार द्यायचा. काहींना मात्र भिंत नको असते. सलग, गुळगुळीत सरकणारा चाप त्यांना जलद फेरीत अधिक मानवतो.

१५/ तिसरी गोष्ट, सुटल्यानंतरचा थांबा. अडसर सुटताच बोटाचा सारा जोर एकदम मोकळा होतो आणि पट्टी मागे आपटते. गोळी अजून नळीतच असते. म्हणून एका बारीक स्क्रूने पट्टीची पुढची धाव रोखतात. तो फार घट्ट केला तर झिजेने किंवा धुळीने ट्रिगर सुटेनासा होतो. तसेच बरोबर १००० ग्रॅमवर बेतलेला चापही धोक्याचा : स्प्रिंग जरा सैल पडली की तपासणीत अपयश. जाणते खेळाडू थोडी जागा राखून ठेवतात.

१६/ मग इलेक्ट्रॉनिक ट्रिगर आला. त्यात बोट केवळ एक विद्युत संपर्क जोडते आणि पुढचे काम विद्युतचुंबक करतो. अडसराचे घर्षण नाही, म्हणून प्रत्येक वेळी बोटाला तीच जाणीव. पण त्याबरोबर बॅटरी आणि सर्किट आले. २५ जुलै २०२१ रोजी टोकियोत मनू भाकर यांना एअर पिस्तुलातील बिघाडामुळे पात्रता फेरीच्या मध्येच रेंज सोडून दुरुस्तीसाठी जावे लागले. त्यांचे गुण ५७५, स्थान बारावे; अंतिम फेरीतील शेवटची जागा ५७७ गुणांवर गेली.

१७/ दोन गुण. पाच वर्षांची तयारी आणि दोन गुण. म्हणूनच ट्रिगर निवडताना 'किती हलका, किती गुळगुळीत' याइतकाच 'साठाव्या फैरीपर्यंत टिकेल का, आणि बिघडला तर किती मिनिटांत बदलता येईल' हा प्रश्न महत्त्वाचा. त्याच मनू भाकर यांनी २८ जुलै २०२४ रोजी पॅरिसमध्ये त्याच प्रकारात कांस्यपदक जिंकले, हेही इतिहासात नोंदवलेले आहे.

१८/ आपल्याकडचा एक दुवा सांगून थांबूया. राष्ट्रीय रायफल संघटना १९५१ मध्ये स्थापन झाली. तिचे पहिले अध्यक्ष होते लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर; कर्मभूमी अहमदाबाद, मूळ कुटुंब रत्नागिरी जिल्ह्यातील मावळंग्याचे. त्यांच्या नावाच्या अखिल भारतीय स्पर्धेतून आजही नवे नेमबाज राष्ट्रीय स्पर्धेची पायरी चढतात.

१९/ चापाचा इतिहास दोन दिशांनी वाहतो. कारागीर चारशे वर्षे तो हलका करत आले. खेळाच्या नियमांनी त्याला एका वजनापाशी थांबवले, कारण सुरक्षितता हवी होती आणि स्पर्धा पिस्तुलांची न होता माणसांची व्हावी असे वाटत होते. फ्री पिस्तुलाचे चाहते या थांबण्याला आजही नुकसान मानतात, आणि त्यांचे म्हणणे पोकळ नाही : पाच पिढ्यांची सूक्ष्म कारागिरी त्यामुळे संग्रहालयाच्या वाटेला लागली.

२०/ तुमचे मत काय? यंत्राला मोकळीक द्यावी की बोटाची परीक्षा घ्यावी? आणि जवळच्या संग्रहालयात तोड्याची किंवा चकमकीची बंदूक दिसली, तर नळीवरचे नक्षीकाम पाहून झाल्यावर खाली वाकून चापही जरूर पाहा. पुढच्या धाग्यात रंजक, बत्ती आणि काडतूस या शब्दांचा प्रवास.