हृदयाचा अवरोध आणि पोटॅशियमचा मार्ग

व्हेगस मज्जातंतू उत्तेजित केला असता हृदयाचे ठोके मंदावतात, किंबहुना थांबतातही, हे वेबर बंधूंनी 1845 साली दाखविले. मज्जातंतूचे कार्य स्नायूस चेतविणे हेच होय, अशी तोवरची समजूत असल्यामुळे चेतविल्याने शांत करणारा हा मज्जातंतू शरीरक्रियाशास्त्रास दीर्घकाळ एक कोडे होऊन बसला. त्या कोड्याची उकल होण्यास जवळजवळ दीड शतक लागले. आणि त्या उकलीची दोन्ही सूत्रे प्रारंभीच हाती येऊन निसटली होती, हा या इतिहासातील विशेष होय.

पहिले सूत्र गास्केल याचे. कासवाचे न धडधडणारे अलिंद घेऊन त्याने 1887 साली असे दाखविले की, व्हेगसच्या उत्तेजनाने अखंड भाग इजा झालेल्या भागाच्या तुलनेने अधिक धनविद्युत् होतो. म्हणजे अवरोध ही केवळ चेतनेची अनुपस्थिती नसून ती एक स्वतंत्र, मापता येणारी क्रिया आहे. पुढे 1916 साली साक्षात् आइंटहोवेननेच या निरीक्षणाविषयी शंका घेतली. दुसरे सूत्र हॉवेल व ड्यूक यांचे. व्हेगसच्या उत्तेजनानंतर हृदयातून बाहेर येणाऱ्या द्रवात पोटॅशियम वाढलेले असते, असे त्यांना 1908 मध्ये आढळले. परंतु 1921 साली ओटो लोवीने एका बेडकाच्या हृदयातील द्रव दुसऱ्या हृदयास देऊन त्याची गती मंद केली, तो द्रवस्थ पदार्थ पुढे अॅसिटिलकोलीन ठरला, आणि पोटॅशियम मागे पडले. वस्तुतः दोन्ही मते परस्परविरोधी नव्हती. अॅसिटिलकोलीन हा निरोप होता. पोटॅशियमचे बहिर्गमन हे त्या निरोपाचे पालन होते.

हे 1950 नंतरच्या दशकात सिद्ध झाले. हटर व ट्राउटवाइन यांनी सूक्ष्म विद्युदग्रांच्या साहाय्याने गास्केलचे निरीक्षण पेशीच्या आतून पडताळले, आणि 1956 मध्ये हॅरिस व हटर यांनी किरणोत्सर्गी पोटॅशियम वापरून अॅसिटिलकोलीनमुळे पेशीपटलातून त्याची ये-जा वाढते हे दाखविले. पोटॅशियमच्या बहिर्गमनाने पेशीचा अंतर्भाग अधिक ऋण होतो. साहजिकच पुढील ठोक्याच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचण्यास गतिकारक पेशीस अधिक वेळ लागतो.

तथापि ग्राही आणि मार्ग यांचा संबंध कसा, हा प्रश्न शिल्लकच होता. सोएजिमा व नोमा यांनी 1984 साली सशाच्या अलिंदपेशीच्या पटलाचा सूक्ष्म तुकडा काचनलिकेच्या टोकाखाली बंदिस्त केला. अॅसिटिलकोलीन नलिकेत असेल तरच त्या तुकड्यातील मार्ग उघडत. नलिकेबाहेर सोडल्यास उघडत नसत. अर्थात् निरोप पेशीद्रवातून न फिरता पटलातल्या पटलातच पोहोचत होता. पुढच्याच वर्षी मध्यस्थ सापडला: पेशीत जीटीपी नसेल, किंवा पेशीस डांग्या खोकल्याच्या जंतूचे विष दिले असेल, तर हा प्रतिसाद मिळत नाही. ग्राही आणि मार्ग यांच्यामध्ये जी-प्रथिन होते.

येथून वादास तोंड फुटले. जी-प्रथिनाचे अल्फा आणि बीटा-गॅमा असे दोन भाग विलग होतात. अल्फा हाच कार्यकारी, बीटा-गॅमा केवळ त्याचा आधार, अशी तेव्हाची सर्वमान्य धारणा होती. 1987 साली लोगोथेटिस, नीर, क्लॅपहॅम आदींनी बीटा-गॅमाच मार्ग उघडतो असे प्रतिपादिले. कोदिना, यातानी, ब्राउन व बर्नबाउमर यांच्या गटाने अल्फाचा पक्ष घेतला. बीटा-गॅमा विरघळविण्यास वापरलेल्या प्रक्षालक द्रव्याचाच हा परिणाम असावा, असा आक्षेप निघाला. तो क्षुल्लक नव्हता. अशा सूक्ष्म प्रयोगांत विद्रावकही साक्षीदार न राहता आरोपी ठरू शकतो. 1993 साली या मार्गाच्या प्रथिनाचे जनुक हाती आले, आणि पुढील वर्षी कृत्रिम रीत्या निर्मिलेल्या बीटा-गॅमाने मार्ग उघडून दाखविल्यावर निर्णय बीटा-गॅमाच्या बाजूने झुकला. धारणेपेक्षा प्रयोगावर विश्वास ठेवणाऱ्यांस सात वर्षे थांबावे लागले.

हृदयातील हा मार्ग दोन भिन्न प्रथिनांचा बनलेला असतो, हे क्रापिव्हिन्स्की व सहकाऱ्यांनी 1995 मध्ये दाखविले. 2013 साली व्होर्टन व मॅकिनन यांनी मार्ग व बीटा-गॅमा यांची संयुक्त स्फटिकरचना उलगडली. तीत एका मार्गास चार बीटा-गॅमा जोडलेले दिसतात. मात्र ती रचना मज्जापेशींत आढळणाऱ्या सजातीय प्रथिनाची होती, हृदयातील जोडप्रथिनाची नव्हे.