माझगावची इस्रायली शाळा

परमुलखात आपली भाषा आणि आपले आचार कसे टिकवावेत, हा प्रश्न आम्हां दूरस्थ मराठी मंडळींना आपलाच वाटतो. वस्तुतः शतकानुशतके तो सोडवीत आलेला एक समाज महाराष्ट्रातच नांदत होता. तो म्हणजे बेने इस्रायल. अहमदाबादेत राहणाऱ्या आम्हांला तर तो परकाही नाही. खमाशाजवळचे, १९३४ साली उभे राहिलेले मागेन अब्राहम सिनेगॉग हे याच मराठी भाषक ज्यूंच्या श्रद्धेचे फळ आहे.

या समाजाची परंपरा सांगते की, पूर्वजांचे गलबत अलिबागनजीक नवगावच्या किनाऱ्यावर फुटले आणि त्यातून सात जोडपी वाचली. त्यांच्या वंशजांनी कुलाबा जिल्ह्यातील खेड्यांत तेलाचे घाणे चालविले. शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणू लागले. गावांवरून त्यांची आडनावे पडली : केहिमकर, राजपुरकर, दिवेकर. हिब्रू ग्रंथ हाती उरले नव्हते; पण ‘शेमा’ ही प्रार्थना, सुंता आणि शब्बाथ त्यांनी सोडले नाहीत. घरची भाषा मात्र पूर्णपणे मराठी झाली.

अठराव्या शतकात ही मंडळी मुंबईत येऊ लागली. सॅम्युएल दिवेकर यांनी १७९६ साली तेथे समाजाचे पहिले सिनेगॉग बांधले. पुढे मिशनऱ्यांनी त्यांच्या मुलांसाठी शाळा काढल्या, डॉ. जॉन विल्सन यांनी मराठीतून हिब्रू व्याकरण लिहिले. मिशनऱ्यांचा हेतू धर्मांतराचा होता. पण घडले ते उलटेच. आपले धर्मग्रंथ मराठीत वाचावयास मिळताच हा समाज आपल्या धर्माकडे अधिक जाणतेपणाने वळला. जोसेफ इझेकिएल राजपुरकरांनी अनेक हिब्रू प्रार्थनाग्रंथ मराठीत आणले. ज्यू कथांची मराठी कीर्तनेही होऊ लागली.

परंतु मुलांना आपल्या धर्माचे शिक्षण दुसऱ्यांच्या शाळेत किती काळ मिळणार? ही खंत ओळखून हाईम सॅम्युएल केहिमकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८७५ साली मुंबईत इस्रायली शाळा सुरू केली. मराठी व इंग्रजीबरोबर हिब्रूही शिकविणारी ही शाळा लहानशीच होती. समाज धनाढ्य नव्हता. कारकून, शिपाई, कारागीर असे बहुतेक. इंग्लंडमधील अँग्लो-ज्यूइश असोसिएशनचेही साहाय्य मिळाले. केहिमकरांनी आपल्या समाजाचा इतिहास १८९७ साली लिहून पूर्ण केला. तो छापून निघाला तो मात्र १९३७ साली, तेल अवीवमध्ये.

शाळेचे पुढे हायस्कूल झाले. बगदादी वंशाचे दानशूर व्यापारी सर एली कदूरी यांच्या देणगीमुळे तिला त्यांचे नाव मिळाले. पुण्याच्या हुजूरपागेत शिकलेल्या आणि १९०५ साली मॅट्रिकला विद्यापीठात पहिल्या आलेल्या रिबेका रूबेन यांनी १९२२ ते १९५० अशी अठ्ठावीस वर्षे तिची धुरा वाहिली. एका मुख्याध्यापिकेच्या हाती समाजाच्या पिढ्या घडाव्यात, हे भाग्य थोड्याच शाळांना लाभते.

इस्रायल राष्ट्राच्या स्थापनेनंतर, १९४८ पासून, स्थलांतराला वेग आला. कोकणातली घरे ओस पडू लागली, माझगावच्या वर्गांतील ज्यू मुलांची संख्या रोडावत गेली. शाळेने मात्र दार लावून घेतले नाही. आज तिच्या बाकांवर बहुतांशी अन्य धर्मांची मुले बसतात. ज्या समाजाला इतरांच्या शाळांनी अक्षर दिले होते, त्याच्या शाळेने आता इतरांच्या मुलांना अक्षर द्यावे, यात आम्हांला ऋणफेडीचा संतोष दिसतो.

आणि गेलेल्यांचे काय? इस्रायलमध्येही मलिद्याचे ताट सजले, त्यात पोहे आणि खोबरे आलेच. १९८० च्या दशकात ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिकही तेथून निघू लागले. कोकणात त्यांनी हिब्रू प्रार्थना जपली, इस्रायलमध्ये मराठी. पहिल्या वेळी हाताशी शाळा नव्हती. एक प्रार्थना आणि आठवड्याचा एक दिवस, एवढ्यावर त्यांनी तग धरला.

आमच्या मंडळाच्या मराठी वर्गाचा पटही अलीकडे कमी होत चालला आहे. मुलांना वेळ नाही, असे आम्ही म्हणतो. खरे पाहता वेळ आम्हां वडीलधाऱ्यांनाच काढावयाचा आहे. सुवर्णमहोत्सवी वर्षात पाहुण्यांची भाषणे होतील, सत्कार होतील. त्याबरोबर आठवड्यातील एक संध्याकाळ आपण घरोघर मुलांसह मराठी वाचनाला दिली, तर त्या शनिवारी थांबणाऱ्या घाण्याचे थोडे ऋण आम्हीही मान्य केले, असे होईल.